मांडी घालायची नाही

गुडघा बदलून घ्यायचा ठरला की भेटायला येणारी माणसं दोनच गोष्टी सांगतात. कुणी फार दुखतं म्हणून सांगतं, तर कुणी आमची अमकी आता जोतिबाचा डोंगर चढते म्हणून सांगतं. मला दोन्ही सांगून झालं. या दोहोंच्या मधे जे काही असतं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारायची लाज वाटली. ज्यांच्यापुढे ही शस्त्रक्रिया आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं मला आठवत नाहीत, ती डॉक्टरांनीच सांगावीत. मला आठवते ती बहुतेक लाजच.

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. शिकवायचं म्हणजे उभं राहायचं. फळ्यापुढे खुर्ची ओढून बसणाऱ्या बाईंना आम्ही आळशी समजत असू. निवृत्त होईतो दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत डावा पाय बाहेरच्या अंगाला वाकला. शाहूपुरीत यांचं गुळाचं अडत दुकान होतं. दुपारी जेवायला आले की मी जिना कशी उतरते ते खाली उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "शैला, तुझा पाय आता स्वल्पविरामासारखा दिसायला लागला. पूर्णविराम व्हायच्या आत काहीतरी करू या." गुळाचा हंगाम संपला की ऑपरेशन करायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. हंगाम संपला आणि हे गेले. सकाळी चहा पिता पिता, खुर्चीतच.

पुढे थंडी सुरू झाली तेव्हा मुलगा राजू पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, बाबांनी ठरवलं होतं ते आपण करू या." मी नको म्हणाले. वर्षसुद्धा व्हायचं होतं. यांची थोरली बहीण, गंगाक्का, निपाणीकडून भावाच्या मयताला आल्या होत्या त्या माझ्यासाठी राहिल्या होत्या. घरात कानडी, दारात मराठी, आणि आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात सुतक न्हाय, खरं लोकं हाईत की. बोलणार ती. बोलू देत. मी हाय बघायला."

अशा रीतीने मी तयार झाले. तयार झाले म्हणजे गप्प बसले.

तपासणीचा दिवस

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. "इथं फट असायला हवी. बघा, हाडावर हाड बसलंय." ते हाड माझं आहे असं मला वाटेना. मग त्यांनी समजावलं की गुडघा म्हणून सगळा काढून टाकत नाहीत. वरच्या आणि खालच्या हाडांची झिजलेली टोकं तासतात, त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मधे प्लास्टिकची गादी ठेवतात. एवढं लक्षात आलं तरी निम्मी भीती जाते. माझी गेली.

पुढे ते म्हणाले, "चालाल, जिना चढाल, महाद्वार रोडला खरेदीला जाल. फक्त खाली बसायचं नाही. उकिडवं नाही, आणि मांडी घालून तर नाहीच."

"कधीच?"

"कधीच. मांडी घालणं विसरायचं."

राजू लगेच म्हणाला, "कमोड बसवून घेऊ, आई. जेवायला टेबल आहेच."

"आणखी काही विचारायचंय का, बाई?" डॉक्टर माझ्याकडे बघत होते. त्यांना घाई नव्हती, हे मुद्दाम सांगते.

मला एकच विचारायचं होतं. ते राहिलं. मी म्हणाले, "दही चालेल ना?"

"गुडघ्याला दह्याचं काही वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

राजूनं माझ्याकडे चमकून बघितलं. मी दही खात नाही हे त्याला ठाऊक होतं.

न विचारलेलं

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. ध्यानाला बसल्यासारखी मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग देऊन. इष्टलिंग म्हणजे ज्यानं त्यानं गळ्यात बाळगायचं लिंग.

हे गेले तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते. डॉक्टर येऊन, बघून गेले. त्यानंतर घरात मोठ्यानं कुणी बोललं असेल तर त्या अक्का. निरोप मिळताच त्या पहिल्या गाडीनं आल्या आणि उंबऱ्यातूनच ओरडल्या, "रडणं मागनं! आधी मांडी घाला त्येची. गार पडल्यावर पाय दुमडत न्हाईत." पुतण्यांनी यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि पाय दुमडून पंच्यानं बांधले. एक गुडघा वर राहत होता. अक्का त्याच्यावर हात ठेवून बसल्या, झोपलेल्या पोराला थोपटावं तशा, तो खाली बसेपर्यंत. नंतर विभूती लावली, हार घातले आणि सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून यांना रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या स्मशानात, नेलं. जिवंतपणी इतके ताठ हे कधी बसले नव्हते. दुकानात गादीवर तर लोडावर रेललेलेच असायचे.

शेजारची जागा मोकळी आहे. ती माझी, एवढं एकच त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं होतं. डॉक्टरांनी मांडी विसरायला सांगितली तेव्हा मला काय दिसलं ते सांगते. मातीखाली हे बसलेले, आणि शेजारी मी आडवी, एक पाय काठीसारखा लांब.

मेल्यानंतर काही उरत नाही असं मी मानते. तेव्हाही मानत होते. अंधश्रद्धेवर मी कितीतरी मुलींकडून निबंध लिहून घेतले आहेत. मग आडवी असले काय आणि बसलेली असले काय, कोण बघणार होतं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, पण भीती जात नव्हती. शिकलेल्या माणसानं असली भीती कुणाजवळ बोलावी? मुलाजवळ बोलले असते तर तो म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणाला नसता, पण त्याच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं असतं. अक्कांना सांगायचं तर त्या घर डोक्यावर घेतील असं वाटलं.

भरती

आदल्या दिवशी दुपारी जायचं असतं. एनिमा देतात, पाय मांडीपर्यंत भादरतात, मागून बंद बांधायचा हिरवा झगा घालायला देतात. यातलं काहीही कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. पाठ उघडी राहते. वर शाल मागून घ्या, मिळते.

थिएटरमधे न्यायच्या वेळी नर्स म्हणाली, "आजी, गळ्यातला ताईत काढा."

"ताईत न्हवं ते!" अक्का स्टुलावरून उठल्याच. "लिंग हाय. अंगावरनं काढायचं न्हाय."

"आत गळ्यात काही चालत नाही हो."

"मग हिलाबी आत न्हेऊ नका."

खरं म्हणजे ते लिंग कित्येक वर्षं माझ्या कपाटातच पडून होतं. हे गेल्यावर मी ते गळ्यात घातलं. "काढा, काही हरकत नाही," असं मी तोंडानं म्हणाले आणि हातानं दोरा घट्ट धरून ठेवला. नर्सनं दोघींकडे बघितलं. मग तिनं ते स्वच्छ गॉजमधे गुंडाळून माझ्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि वरून चिकटपट्टी लावली. "आत कुणी विचारलं तर मी लावलंय म्हणून सांगा," म्हणाली. असं काही तुमचंही असेल तर आदल्या दिवशीच सांगा. माणसं वाट काढतात.

ट्रॉली ढकलत नेली तेव्हा तळहातावर लिंग होतं आणि डोळ्यांपुढे छत. मांडी तेवढी राहिली, असं मनात आलं.

टेबलावर

कमरेत इंजेक्शन देतात. खालचं अंग जातं, वरचं जागं राहतं. पडदा असतो, त्यामुळे दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. करवत, हातोडा, सुताराच्या दुकानासारखं. मधेच डॉक्टर कुणाला तरी विचारत होते, काल क्रिकेटमधे काय झालं. याचा राग धरू नये. हात सवयीचे असल्याशिवाय माणूस गप्पा मारत नाही. आवाज सोसत नसतील तर झोपेचं इंजेक्शन मागावं, देतात. मी मागितलं नाही. मला रडू येत होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई वाकून म्हणाल्या, "दुखतंय का?" मी नाही म्हणाले. "मग?" त्यांनी विचारलं. 

खोली

दोन कॉटची खोली, मधे पडदा. पलीकडे शाहूवाडीकडच्या एक मावशी होत्या. भाताच्या बांधावरून घसरून त्यांचा खुबा मोडला होता. माझी भूल उतरायच्या आत त्यांनी पडद्याआडून राजूची चौकशी पुरी केली. "पावणं, आई व्हय तुमची? गुडघा? दोन्ही का एक? एकच? मग एका पायानं पळणार आनि दुसऱ्यानं लंगडणार की."

भूल उतरली की दुखतं. खोटं कशाला सांगू, पहिली रात्र आणि दुसरा दिवस फार दुखतं. पण त्याला इंजेक्शन असतं. बेडपॅनला इंजेक्शन नसतं. आया जेवायला गेली होती आणि मला थांबवेना. राजूनं पॅन आणलं, एका हातानं मला उचललं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"आई, मी काही बघत नाही."

"तू बाहेर जा."

"मी बाहेर गेलो तर हे धरणार कोण?"

ज्या मुलाला मी आठव्या वर्षापासून न्हाणीघरात येऊ दिलं नव्हतं, तो माझी कंबर धरून उभा होता. मी डोळे मिटले. पडद्यामागून मावशी म्हणाल्या, "लाजू नगासा, बाई. ह्या खोलीत समदी उघडीच."

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. पांढरा कोट, दोन वेण्यांच्या जागी एक शेपटा. "बाई, ओळखलंत? मी स्वाती. दहावी ब. कोडोलीची, वसतिगृहात होते." तिनं माझ्या अंगावरची चादर बाजूला करून भादरलेला, सुजलेला, आयोडीननं पिवळा झालेला पाय हातात घेतला. मला तिच्याकडे बघवेना. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. "टाच मागं ओढा, बाई. अजून. अहो, अजून! 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणून फळ्यावर कोण लिहायचं?"

"तेव्हा मला गुडघे होते," मी म्हणाले.

त्याच दिवशी तिनं मला वॉकर धरून उभं केलं. डावा पाय सरळ दिसत होता. यांना दाखवावा असं पटकन वाटलं, आणि मग मी बसते म्हणाले.

लवकर घरी

आमच्या डॉक्टरांची पद्धत पेशंटला लवकर घरी पाठवायची होती. घरी माणूस पटकन हिंडायला लागतं आणि दवाखान्यातले जंतूही टळतात, असं ते म्हणत. राजू इंटरनेटवर वाचून आला होता की परदेशात काही ठिकाणी आता ऑपरेशन केलं त्याच दिवशी सोडायला लागले आहेत. मावशी म्हणाल्या, "तिकडं मग बाळंतीणबी वाटंतच उतरवत असतील."

लवकर घरी जायचं असेल तर घर आधी तयार पाहिजे. जाजमं, सतरंज्या उचलून ठेवा, पाय अडकतो. पलंग उंच हवा. कमोडच्या बाजूला धरायला दांडी हवी. बर्फ घरात हवा. आणि घरात एक माणूस असं हवं की ज्याला तुम्ही नाही म्हटलं तरी ऐकू जाणार नाही. माझ्याकडे अक्का होत्या. त्यांना स्वतःला बसता-उठताना त्रास व्हायचा, तरी मला संडासात नेताना म्हणायच्या, "चल, दोघी मिळून धड दोन पाय हाईत."

साडी झेपत नव्हती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घातला. फुलाफुलांचा होता, राजूनं घाईत आणलेला. तो घालून मी लोकांपुढे बसत होते. मयताला येऊ न शकलेले लोक आता दोन्ही कामं एकदम उरकायला यायचे. आधी यांच्यासाठी डोळे पुसायचे, मग गुडघा बघायचे. "आता कसं वाटतंय?" असं कुणी विचारलं की ते कशाबद्दल विचारतात हे मला कळायचं नाही. मी "बरं आहे" म्हणायची, आणि दोन्हींपैकी एका बाबतीत ते लाजिरवाणं वाटायचं.

यांची एक चुलत बहीण फुलांकडे बघत म्हणाली, "बरं झालं बाई. वर्ष व्हायच्या आत वैनीनं हौस भागवून घेतली."

अक्का आतून पोहे घेऊन येत होत्या. "हौस न्हाय, हाड झिजलंय तिचं. तुझी जीभ झिजली तर बदलून मिळत्या का बघतो मी. पोहे खा."

दुपार

गुडघा चांगला वाकायला लागला होता. काटकोनात आला तेव्हा स्वाती खूश झाली. "बास, बाई. टाके निघेपर्यंत यापुढं नाही. सावकाश."

दुपारी अक्का पलीकडच्या गल्लीत भाजी आणायला जायच्या. त्या गेल्या की मी पलंगावर भिंतीला उशा लावून पाठ टेकायची. उजवा पाय दुमडून घ्यायची, तो दुखत दुखत का होईना यायचा. मग डाव्या घोट्याला टॉवेल अडकवून पाय आत ओढायची. एकदा मांडी जमली तर नंतरही जमेल, एवढंच मला बघायचं होतं. जिवंतपणी जो पाय दुमडतो तो मेल्यावरही दुमडणार, असा साधा हिशेब. पहिल्या दोन दुपारी पाय अर्ध्यातच अडला. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी टॉवेल ओढला आणि मग अक्कांनी यांचा दाबला होता तसा गुडघा खाली दाबला. बँडेजच्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. ऊन ऊन लागलं. बघितलं तर रक्त.

अक्का आल्यावर मी सांगितलं, "बाथरूममधे पाय सरकला."

दुसऱ्या दिवशी ताप भरला. राजू पुन्हा पुण्याहून निघाला आणि मला पुन्हा त्याच खोलीत नेलं. मावशी अजून तिथेच होत्या.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. टाके तुटले होते, गुडघा लाल आणि चकाकत होता. "पडून असं होत नाही. पाय ताणला गेलाय. काय करत होता?"

"घसरले."

"बाई, जंतू आत सांध्यापर्यंत गेले तर बसवलेलं सगळं काढावं लागेल. पाय ताठ राहील. तेव्हा मला खरं सांगा."

"घसरले," मी म्हणाले.

ते स्वातीकडे वळले. "तू जास्त वाकवून घेतलास का?"

"नाही सर. नव्वदच्या पुढं नाही."

"मग आपोआप झालं?"

स्वाती खाली बघत उभी राहिली. शाळेत बोलणी बसली की ती अशीच उभी राहायची. मला सगळं दिसत होतं, आणि मी बोलले नाही. या आजारपणात मला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली त्यांतल्या बाकीच्या या एका क्षणापुढे फुकटच्या होत्या. पॅन, गाऊन, उघडी पाठ, त्यात माझा काय दोष होता?

अक्कांनी विचारलं

अक्का स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला कशाला बोलतासा? बाथरूम कोरडं व्हतं. भिंतीला उशा लावलेल्या व्हत्या आनि टावेल पलंगावर." मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "शैला, मांडी घालून बघत व्हतीस व्हय गं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मांडी?" डॉक्टर म्हणाले. "अहो, तीच तर नको म्हटली होती. कशाला?"

राजू माझ्याकडे बघत होता. तेव्हा अक्का उठून उभ्या राहिल्या आणि आमच्या वाड्यातल्या विहिरीपलीकडे ऐकू जावं अशा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी सांगतो. डॉक्टर, आमच्यात बसवून पुरत्यात. मांडी घालून. हिचा नवरा तसाच बसलाय. आता हिचा ह्यो लोखंडाचा गुडघा मेल्यावर दुमडंल का न्हाय, तेवढं सांगा. हिला इचारायला लाज वाटत्या. मला न्हाय वाटत."

मी राजूकडे बघितलं नाही. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात तसं काही मला वाटलं नाही. आता हे सगळे हसतील, आणि हसले तर बरोबरच आहे, एवढंच वाटलं.

डॉक्टर कॉटच्या कडेला बसले. हसले नाहीत.

"बाई, टाके घालायच्या आधी मी टेबलावरच गुडघा पूर्ण वाकवून बघतो. तुमचाही बघितलाय. भूल होती, पाय ढिला होता. टाच जवळजवळ मांडीला टेकत होती. मांडी घालू नका म्हणतो ते सांध्यावर पीळ पडतो, वजन येतं, गादी झिजते म्हणून. मेल्यावर काय झिजायचंय?"

"म्हंजे दुमडतोय?" अक्कांनी विचारलं.

"दुमडतो. आणि कुठं अडलाच, तर तेव्हा खुशाल जोर लावा. त्या वेळी मोडला तरी माझी तक्रार नाही."

पडद्यामागून मावशी म्हणाल्या, "आनि तवा काय झालं तर ह्या डॉक्टरकडं परत आणू नगासा. ग्यारंटी संपली."

पहिल्यांदा स्वातीला हसू फुटलं, मग राजूला, मग मला. मी मोठ्यानं हसले. हे गेल्यापासून मी हसले नव्हते. हसता हसताच ते लक्षात आलं, गाल गरम झाले आणि हसण्याचं रडणं झालं. राजूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग मी डॉक्टरांना सांगितलं की स्वातीचा काही दोष नाही, मी खोटं बोलले. सगळ्यांपुढे सांगितलं. डॉक्टर तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ दे, सर. बाई, आता तरी माझं ऐका."

त्यानंतर सलाइनमधून औषधं चालू राहिली आणि जखमेतलं पाणी तपासायला गेलं. तो अहवाल येईपर्यंतचा काळ ऑपरेशनपेक्षा कठीण गेला. मांडी दुमडावी म्हणून ओढलेला पाय कायमचा ताठ होणार की काय, हे मी छताकडे बघत मनात घोळवत पडून असे. अक्का एकदाही 'बघ, तुझ्या कर्मानं' म्हणाल्या नाहीत. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी झाडू मारणाऱ्या बाईलाही, 'दुमडतोय म्हणं' एवढं सांगत राहिल्या. आत सांध्यापर्यंत जंतू गेलेले नव्हते. वरची जखम सावकाश भरली. गुडघा राहिला.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यातले पेशंट आले की मी आपणहून सांगतो. परवा गडहिंग्लजचे एक व्यापारी होते. सांगितलं तर उठून त्यांनी माझे हात धरले. दोन वर्षं ऑपरेशन टाळत होते म्हणे." माझ्या मनात जे होतं ते आणखी कुणाच्या मनात असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तुमचा प्रश्न माझ्यासारखा नसेल. पण असेल काही तर दह्याचं विचारू नका. जे विचारायचंय तेच विचारा. स्वतःला जमत नसेल तर मोठ्या आवाजाचं माणूस बरोबर न्या.

वर्षाच्या दिवशी

वर्षाला आम्ही रुद्रभूमीत समाधीच्या पूजेला गेलो. रस्त्यापासून आतपर्यंत मी काठी न घेता चालत गेले. राजूनं मोटारीतून प्लास्टिकची एक खुर्ची उतरवून घेतली होती आणि ती समाधीसमोर ठेवली. पूजा सांगणाऱ्या जंगमांनी बेल, विभूती मांडली. सगळे जमिनीवर बसले. अक्का पाय पसरून बसल्या. यांची ती चुलत बहीणही होती.

मी उभीच राहिले. लोक खाली, हे तर त्याहून खाली, आणि मी तेवढी वर खुर्चीत, मिरवल्यासारखी. सासरच्या माणसांपुढे, यांच्यापुढे. जंगम वाट बघत थांबले. राजू हळूच म्हणाला, "आई, बस ना." माझे पाय हलेनात, आणि त्याला गुडघ्याचं कारण नव्हतं.

अक्कांनी मान वर केली. "अगं, बस की शैला. त्यो बी बसलायच की."

मी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि बसले.